शेरा

कबर सतरा. लांबी साडेपाच फूट.
दगड आमच्याकडच्याच खाणीचा, काळा, बिनडागी.
बाई वहीत लिहितात, मी टेप धरतो.

अविगाईल वाकरूळकर, मुक्काम ठाणे,
भूमिती शिकवून रिटायर झालेल्या.
भाऊ अश्दोदला, बहीण दिमोनाला,
पणजोबा मात्र इथं, उसाच्या दोन फडांमधल्या
पाऊण एकरात. ह्या जागेला कोण
शनवारवाल्यांची म्हणतं, कोण नुसतंच "तिकडं".

मी शिरोली नाक्याला ग्रॅनाइटच्या पाट्या करतो.
अक्षरं मशीन कापतं, मी काना-मात्रा बघतो.
मला घासायला बोलावलंय.
शेवाळ खरवडायचं, तांदळाची पिठी चोळायची,
की बुजलेलं नाव वर येतं
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं.

हसाजी एलोजी, ओव्हरसियर, दरबार बांधकाम खातं.
शेजारी रेबेकाबाई.
"हिच्या हातचा मळीदा पुण्यापर्यंत ठाऊक होता, आई सांगायची."
म्हटलं, लिहा की तेपण.
"त्याला रकाना नाही. शेऱ्यात फक्त दगडाची अवस्था.
तडा, झुकाव, अक्षर पुसट."

पाय सगळ्यांचे मावळतीला.
उठले की तोंड सरळ जेरुसलेमकडं, बाई म्हणाल्या.
मी त्या अंगाला बघितलं.
मधे पन्हाळा येतो.

एक्केचाळीस.
बाभळीखाली हातभर दगड.
पिठी चोळली आणि माझा हातच थांबला.
"मोशे. वय महिने चार."
त्या "चार"मधला र.
शेपटी खाली नेऊन, जरा दम खाऊन, वर उचललेली.
घरच्या पाट्याच्या कडेला आत्याचं नाव आहे, सुंदरा,
त्यातला र हाच.
गुंडाप्पा. माझा आज्जा.
मी तीन वर्षांचा असताना गेला,
मला त्याचा चेहरा नाही आठवत. र आठवतो.

बाई वरच्या ओळीवर होत्या.
तीन परकी अक्षरं. उजवीकडनं बोट फिरवलं, अडखळल्या,
परत फिरवलं.
"उलटं आहे हे. मेम, शिन, हे,
डावीकडनं कोरलंय."

कागदावर अक्षरं सुटी दिली असणार,
एक, दोन, तीन आकडे घालून.
आज्ज्यानं लावली, आपण लावतो तशी.
माझे कान तापले.
पंच्याऐंशी वर्षांनी गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात.
म्हटलं, नवीन करून देतो. पैसे नकोत.

बाई बोलेनात.
लांब कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं,
कढईचा गोड, करपट वास आला आणि गेला.

"उलटं वाचलं तर हाशेम होतं," शेवटी म्हणाल्या.
"देवाचं खरं नाव आम्ही तोंडावर आणत नाही.
त्याच्या जागी हे म्हणतो. अर्थ इतकाच: ते नाव.
शेवटचा मेम तेवढा चुकला."

चार महिन्यांचं पोर.
बाप तर वाचणारा होता, आकडे त्यानंच घातलेले.
दगड बसवला त्या दिवशी त्याला दिसलं नसेल?
परत पाठवला नाही.
मजुरी कापली का, तेवढं विचारायचंय मला,
आणि विचारायला दोन्हीकडचं कोणी नाही.

बाईंनी वही मांडीवर घेतली.
नाव: मोशे.
सन: पुसट.
शेऱ्यावर पेन बराच वेळ तसंच राहिलं,
एका मुंगीनं तेवढ्यात अख्खं पान ओलांडलं.
मग लिहिलं: दगड सुस्थितीत.
आणि त्याच्याखाली, रेघ ओलांडून,
रकान्यात मावत नसताना:
कोरणारा, गुंडाप्पा

"आडनाव?"

कलकुटगी, म्हटलं,
आणि सवयीनं वाकलो वहीवर.
गी दीर्घ.